नावाची वाटी

१५ ऑक्टोबर २००९

वांगं पास झालं म्हणे! अविनाश नाचतच घरी आला, हातात बर्फीचा डबा. दिल्लीच्या कमिटीने होकार दिलाय, आता फक्त मंत्र्यांचं काय ते. त्याच्या बियाण्यांच्या कंपनीचंही तसंच एक वांगं तयार आहे. मातीतल्या कुठल्याशा जंतूचा गुण त्यात घातलाय — अळी खाते आणि मरते.

"आणि माणूस?" मी विचारलं.

"माणूस अळी आहे का, बाबा?"

सगळे हसले. नात देवयानी तर लोळायचीच बाकी होती. बायको सुहासिनीही हसली. तिला काय कळतंय! गेल्या वर्षापासून ती सकाळचं संध्याकाळी विसरते.

चातुर्मास आहे म्हणून बरं. चंपाषष्ठीपर्यंत तरी वांगं घरात येत नाही.

२ नोव्हेंबर

झोप नाही. पेपरात रोज वांगं. एक म्हणतो, उंदरांना घातलं, काही झालं नाही. दुसरा म्हणतो, तीनच महिने घातलं, पुढचं कोणी पाहिलं? इकडे उत्तरेत पेपर हिंदी, त्यात माझं शिक्षण सातवी. अविनाशला दाखवला.

"तुम्ही नका वाचू. तुम्हाला झेपत नाही."

२३ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला. पानं वाढली. माझं भरीत श्यामकांत असं माझं नाव घातलेल्या वाटीत — लग्नातली वाटी, सूनबाईंनी कुठून शोधून काढली कोण जाणे. मला बरं वाटलं.

मग अविनाश म्हणाला, "आमच्या ट्रायलच्या शेतातलं आहे, बाबा. पहिला घास घरातल्या मोठ्यांचा!"

घास हातातच राहिला. "तुम्हा सगळ्यांना तेच?"

"सगळ्यांना तेच," सूनबाई पद्मिनी म्हणाली. "फक्त आईंना दुधी. त्यांना वांग्याने खाज येते."

खाज? जळगावात हिने आयुष्यभर भरीत खाल्लं, एकदा खाजवलं नाही!

देवयानी ओरडली, "दादाजी, पूँछ निकल आएगी!" सगळे तिच्याकडे वळले. तेवढ्यात मी वाटी सुहासिनीपुढे सरकवली, तिची दुधीची ओढून घेतली. तिने बोटं चाटूनपुसून खाल्लं. रिकामी वाटी पुन्हा माझ्यापुढे.

"बघा, कसं संपवलं!" अविनाश म्हणाला.

बिचारीला भरीत आवडतं. उगीच कशाला तिचं मन मोडायचं?

१९ डिसेंबर

आता एक दिवसाआड भरीत. वाटी तिच्याकडे, दुधी माझ्याकडे. मी तिच्यावर नजर ठेवून आहे. जीभ पाहतो, नखं पाहतो, चालताना झोक जातो का ते पाहतो. काल शिंकली तर लगेच कपाळाला हात लावून पाहिला. काही झालं नाही. उलट गालावर मांस आलंय.

अजून महिनाभर बघू. मग मीही खाईन.

२९ जानेवारी २०१०

आज वांग्यावर जाहीर सभा होती. अविनाशने मला नवा कोट घालून नेलं. एवढी गर्दी! शेतकरी, डॉक्टर, गळ्यात वांग्यांच्या माळा घातलेल्या बाया, सगळे एकमेकांवर ओरडत होते. अविनाशने माइक घेतला. "मेरे पिताजी अठहत्तर साल के हैं. दो महीने से यही बैंगन खा रहे हैं. पिताजी, खड़े हो जाइए!"

मी उभा राहिलो. काय करणार?

मागून कोणी सरदारजी ओरडला, "ओए, बापू नूं पुच्छिया सी?" म्हणजे बापाला विचारलं होतं का. हॉल खदखदून हसला. मग टाळ्याही झाल्या. खोटं कशाला बोलू, टाळ्या मला आवडल्या.

गाडीत अविनाश म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कामी आलात."

१० फेब्रुवारी

मंत्र्यांनी वांगं थांबवलं. अविनाश जेवला नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी पद्मिनी फोनवर बहिणीशी बोलत होती. तिला वाटलं मी झोपलोय.

"छे गं, आम्ही कुठे खाल्लं! आमचं मंडीतलं. देवयानीच्या ताटात ते मी कशी वाढीन? आईंना तर तेही नको म्हणाला अविनाश, घोटाळा व्हायला नको. म्हणाला, एकुलती एक आई आहे. बाबांचं काय, वय झालंय, काही झालंच तर वयाने झालं म्हणतील. म्हणून तर ती नावाची वाटी, एकात एक मिसळायला नको."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पोटचा पोरगा! उंदीर समजला मला! बापावर असा प्रयोग करताना हात कसा कापला नाही त्याचा?

मग शेजारच्या खाटेवर सुहासिनी कुशीवर वळली. पुढे काही लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी

आज माझ्या वाटीत साधी मटारची उसळ होती. सुहासिनीने इकडेतिकडे पाहिलं, हळूच माझी वाटी ओढून घेतली आणि तिची माझ्याकडे सरकवली. कानाशी येऊन म्हणाली, "तुम्ही भिता ना, म्हणून. रोज मीच खाते की."