नावामागचे जादा अक्षर

लिहून ठेवणार मी गुंडा तात्याबा निकम, वय वर्षे सदुसष्ट, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त, हल्ली धंदा शेती, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. छातीत घरघर आहे असे डॉक्टर सांगतात. डोक्यात घरघर नाही. हा कागद मी कोणाच्या धाकाने करत नाही आणि कोणाच्या लाडीगोडीनेही नाही. दस्तलेखक नानासो मी सांगेन तसे लिहीत आहेत. माझे बोलणे फार सजवायचे नाही, अशी अट त्यांना घातली आहे. ती त्यांना जड जात आहे.

कलम १. राहते घर, पुढच्या पडवीसह, आणि पोस्टातील सगळी शिल्लक माझी पत्नी हरणाबाई हिची. ती हयात असेपर्यंत मुलगा हंबीरराव व सून चंद्राबाई यांनी तिला सांगलीस येऊन राहण्याचा आग्रह करू नये. तिला हळदीच्या बाजारात शिंका येतात. शिवाय दुसऱ्याच्या चुलीवर तिच्या हातून मीठ जास्त पडते.

कलम २. कन्या लीलाबाई, दिली शिराळ्यास, हिला दुभती म्हैस व विहिरीजवळचे आंब्याचे झाड. नागपंचमीला तिच्या घरी पाहुण्यांची रीघ असते म्हणून ती त्या सणाला माहेरी येत नाही. यावरून मी तिच्याशी दोन वर्षे अबोला धरला होता. तो मागे घेत आहे.

कलम ३. अवजारे हंबीररावाची. यांतील लोखंडी पहार शेजारी जोतीराम याने अकरा वर्षांपूर्वी नेली आहे. ती परत मागू नये. मात्र तो घरी आला की पहारीचा विषय काढावा.

कलम ४. सिगारेटचा पत्र्याचा डबा, रिकामा, झाकणासह. हा हंबीररावाला. त्याने तो टाकू नये, कारण पुढील मजकूर डब्यासोबतच त्याच्या वाट्याला येतो.

१९४४ साली आम्ही इटलीत होतो. आमचे कप्तान इंग्रज. मनुष्य चांगला. आमच्या पंगतीला बसून जेवत, मोडकीतोडकी मराठी बोलत, आमचा एक जवान गेला तेव्हा तंबूबाहेर उभे राहून रडले. एक दिवस नदी उतरताना माझ्या हातून खेचराची दोरी सुटली आणि वायरलेसचा सेट पाण्यात गेला. साहेब माझ्यावर ओरडले. ओरडणे रास्तच होते. पण ओरडता ओरडता त्यांनी मला माझ्या कातडीच्या रंगावरून आणि कुत्र्यावरून एक नाव ठेवले. मला इंग्रजी फार येत नव्हते, तेवढे मात्र बरोबर कळले. दुसऱ्या दिवशी ते भरलेला डबा घेऊन आले. म्हणाले, "गुंडा, राग होता. मनात काही नाही." मी सलाम ठोकला आणि सिगारेटी पलटणीत वाटून टाकल्या. मनात नव्हते तर तोंडात आले कुठून? दोरी माझ्या हातून सुटली, त्यात रंगाचा काय संबंध? हे मला कळेना. तीस वर्षांनी कळले.

कलम ५. ओढ्याकाठचा चिंचेचा तुकडा, सव्वा एकर. याचे काय करायचे ते सांगण्याआधी बिराप्पाचे सांगणे भाग आहे.

बिराप्पा म्हाकू दडस हा माण तालुक्यातला मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरे घेऊन आमच्या भागात उतरतो. मेंढरे रानात बसली की रानाला खत मिळते आणि मेंढपाळाला त्याबदली जोंधळा. मी पलटणीतून परत आल्यावर, १९४७ पासून, तो दर वर्षी माझ्या रानात मेंढरे बसवी. चिंचेचा तुकडा पिकतो तो त्याच्यामुळे. लीलाबाईच्या बारशाला त्याने काळे घोंगडे आणले होते, ते आजही माझ्या अंथरुणात आहे.

१९७४ च्या संक्रांतीआधी दोन दिवस मी पेन्शनच्या कागदासाठी एका कचेरीत गेलो. कारकुनाने दुपारपर्यंत उभे केले आणि शेवटी "ए म्हाताऱ्या, उद्या ये" म्हणाला. मी "बरं साहेब" म्हणालो. रानात येऊन बघतो तर हरभरा फस्त, नुसते देठ उभे. बिराप्पा चिंचेखाली लोकर विंचरत बसला होता. मी त्याला त्याच्या जातीच्या नावाने हाक मारली. नुसत्या नावाने नाही. त्या नावामागे एक अक्षर जादा लावले की नाव राहत नाही, शिवी होते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो शब्द मी येथे लिहीत नाही. "तुमची जातच चोरटी" हेही म्हणालो. हे मात्र लिहितो, नाहीतर कागद खोटा होईल.

बिराप्पा उठला. म्हणाला, "हवालदार, सत्तावीस वर्सं तुमी मला बिराप्पा म्हनत हुता. ह्ये दुसरं नाव कुटं ठिवलं हुतं?"

त्याने मेंढरे हाकली आणि जोंधळा न घेता गेला.

घरी हरणाबाई म्हणाली, "आवं, आपला ढवळ्या बैल सुटला हुता की! समदा हरभरा त्यानंच खाल्ला. बिराप्पादादानं धरून आनून बांदला." कचेरीच्या घाईत सकाळी त्या बैलाचे दावे मीच बांधले होते. गाठ सैल राहिली.

तिसऱ्या दिवशी जोंधळ्याचे पोते सायकलवर घालून मी त्याच्या तळावर गेलो. म्हणालो, "रागाच्या भरात गेलं रं गड्या. मनात काय न्हवतं." आणि तिथेच माझी जीभ अडखळली. हे वाक्य माझे नव्हते, कप्तानसाहेबांचे होते. पोते म्हणजे त्यांचा डबा. बिराप्पा नुसता "व्हय" म्हणाला आणि मेंढराचे खूर तपासत राहिला. मी पोते परत आणले. त्या वर्षापासून तो आमच्या शिवेबाहेरून जातो.

यावर मी पुष्कळ विचार केला. मला दुसरे काम नसते. जोतीरामच्या म्हशीने एकदा माझा सगळा मका खाल्ला होता. तेव्हा राग याहून मोठा होता आणि मी जोतीरामच्या आज्यापणज्यापर्यंत पोचलो होतो. पण त्याची जात काढली नाही. ती माझीच जात. म्हणजे जोतीरामची चूक ती जोतीरामची एकट्याची, आणि बिराप्पाची, तीही न केलेली, ती सगळ्या धनगरांची. कारकुनावर राग होता, त्याला मी साहेब म्हणालो. राग उतार बघून खाली गेला. शब्द मात्र रागाने तयार केला नाही. तो माझ्या घरातच होता, नीट घडी घालून ठेवलेला. कप्तानसाहेबांचाही तसाच असणार. मी त्यांना तीस वर्षे वाईट म्हणत होतो. आता म्हणत नाही, कारण मग मलाही म्हणावे लागेल. हे काही बरोबर कारण नाही, पण खरे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीत हंबीरराव सांगलीहून आला होता. चहा पिता पिता अडतीवरच्या एका हमालाविषयी बोलताना त्याने तोच शब्द उच्चारला. राग नाही, काही नाही. बशीत फुंकर मारत. मी विचारले, "ह्ये कवा शिकलास?" म्हणाला, "आबा, आपल्या घरात म्हनत नव्हतो. पन त्या दिवशी तुमीच बिराप्पाला म्हनला की. मी हिरीवर हुतो. मला वाटलं, चालतंय."

मला फार वाईट वाटले. घर, रान, विहीर यांची मी आज वाटणी करत आहे. ही एक मिळकत मृत्युपत्राशिवायच त्याच्या हाती गेली.

कलम ६. म्हणून चिंचेचा तुकडा हंबीररावाला, पण अटीवर. बिराप्पाचे व त्याच्या वारसांचे मेंढरू त्या रानात बसायला आणि विहिरीवर पाणी प्यायला कधीही आडकाठी नसावी. आणि हंबीररावाने तो शब्द कोणालाही, रागात किंवा चहा पिताना, पुन्हा वापरला तर तुकडा लीलाबाईचा होईल. पुरावा म्हणून हरणाबाईचे सांगणे पुरे. हे कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणाले. घरात टिकले तरी चालेल.

कलम ७. खरे तर हा तुकडा मी बिराप्पाच्याच नावे करणार होतो. आषाढात एस.टी.ने माणात त्याच्या घरी जाऊन तसे सांगितले. त्याची बायको सुलाबाई हिने पाणी दिले, गूळ दिला. बिराप्पा हसला. "रान मी कवा मागितलं? त्ये घिऊन मी काय करू, मेंढरं काय सातबारा चरत्यात?"

मी म्हणालो, "मग काय देऊ, सांग. मला ह्ये घिऊन मरायचं न्हाई."

त्याने मला आणखी गूळ वाढला. मग म्हणाला, "कागुद करताय न्हवं? मला साक्षीला बोलवा."

तो आज आला आहे. मेंढरे ओढ्याला थांबली आहेत. वरील सर्व मजकूर नानासोंनी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. जोतीरामने पहारीचे कलम दोनदा वाचायला लावले आणि मग सही करायला होकार दिला. कलम ५ वाचताना बिराप्पा जमिनीकडे बघत होता. मीही.

साक्षीदारांच्या नावापुढे धंदा आणि जात लिहिण्याचा नानासोंचा जुना रिवाज आहे. या कागदात जात गाळा, असे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. मला लाज वाटत होती. जोतीरामची त्यांनी गाळली. बिराप्पाचे नाव लिहून ते थांबले, तेव्हा तो म्हणाला, "का वं? माझी जात का न्हाई लिवली?"

नानासो माझ्याकडे बघू लागले.

"गाळू नगा," बिराप्पा म्हणाला. "मला तिची लाज न्हाई. धनगर लिवा. हवालदारास्नी वाचून दावा. आन् तितंच थांबा."

नानासोंनी लिहिले. मी वाचले. मग सही केली.

(सही) गुंडा तात्याबा निकम

साक्षीदार:

१. (सही) जोतीराम, लिहून ठेवणाराचे शेजारी, धंदा शेती, राहणार रहिमतपूर.

२. बिराप्पा म्हाकू दडस, धंदा मेंढपाळ, राहणार तालुका माण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. जात धनगर.

मुक्काम रहिमतपूर, तारीख २१ नोव्हेंबर १९७७.