न पेरलेल्या गव्हाचे पैसे

श्रीगोंदा, माघ, १९७३

चि. कानिफनाथ,
तुझ्या तात्याचे अनेक आशीर्वाद.

कॅनडाहून आलेलं तुझं पत्र नेहमीसारखं देवळाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचलं. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माणसं ऐकत होती. बर्फाखाली निजलेली जमीन, आभाळाला टेकलेला गहू... शाळेत कविता म्हणायचो तसा मी रंगात आलो. त्याच भरात पुढची ओळही वाचून गेलो: कोठारं ओसंडली म्हणून सरकारनं एका वर्षी शेतकऱ्यांना गहू न पेरण्याचे पैसे दिले.

मी थबकलो. शेजारची गोजरबाई बोटांवरच्या चिंध्या सोडत म्हणाली, "तात्या, आमी बी दोन साल पेरलं न्हाई. आमचं कवा देत्यात?"

सगळे हसले.

"नोकरी सोडून येतो, आपलं रान कसतो," हे तुझं शेवटचं वाक्य मी वाचलंच नाही. तुझी आई गोजरबाईशेजारीच बसली होती, तिच्याही बोटांना चिंध्या होत्या. हे तुला आजवर कळवलं नव्हतं. ते वाक्य ऐकून ती "ये" म्हणाली असती, आणि तू येऊन तिच्याबरोबर खडी फोडत बसला असतास.

मलाही तुला "ये" असंच लिहावंसं वाटतंय. म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही.

तुझी वाट पाहणारा,
तात्या