मोकळे हात

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून परक्यांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईचा फोन तिच्याच सख्ख्या बहिणीने कट करावा, याला काय म्हणायचं ते तूच ठरव. पत्राचं बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण पाकिटंसुद्धा कात्रीने उघडून जपून ठेवणारी तू, तू काय फाडणार?

आधीच सांगते, ही माफी नाही. त्या दिवशी मी दार उघडलं नाही आणि उद्या पुन्हा तशीच आलीस तरी उघडणार नाही. कोण आहे विचारल्यावर तू बाहेरून म्हणालीस, "अगं, मीच." एवढंच. पण मी नोकरीभर कानानेच माणसं ओळखली आहेत. नाक चोंदलंय, घसा बसलाय, हे मला कडीला हात लावायच्या आधी कळलं. दाराच्या भिंगातून पाहिलं तर तू जिन्यात उभी, पिशवी फरशीवर ठेवलेली, दोन्ही हात मोकळे. मी म्हटलं, "ताई, सर्दी गेल्याशिवाय नाही." तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती पिशवी उचललीस आणि उतरायला लागलीस. जावयाला गाडी घेऊन तुझ्या मागे धाडलं, तर सबंध रस्ता तू गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होतीस म्हणे.

मग सुरू झाले फोन. भावाने विचारलं, तुला काही शरम आहे का. म्हटलं, आहे, पण सध्या कपाटात ठेवली आहे, थंडी सरली की काढीन. विहीणबाई तर नाकाने कांदे सोलतच असतात. त्यांनाही मी खोकल्यापायी परत पाठवलं होतं, त्यामुळे तुझी बातमी ऐकून त्यांना फार समाधान वाटलं. वरच्या मजल्यावरच्या गाणाऱ्या बाई आता जिन्यात मला पाहिलं की मुद्दाम पदराने तोंड झाकतात. झाकू देत. तेवढाच फायदा.

शाळेच्या फाटकात उभ्या राहणाऱ्या सिस्टर आठवतात ना, आपण त्यांना 'कडक इस्त्री' म्हणायचो? रोज सकाळी नखं आणि रुमाल तपासायच्या. माझा रुमाल रोज हरवलेला. तू आधी आत जायचीस आणि तुझा तपासून झालेला रुमाल कुंपणाच्या गजांतून मला द्यायचीस, तुझी सर्दी, माझी सर्दी, सगळी एकाच रुमालात. आता मीच कडक इस्त्री झाले आहे. फरक एवढाच, त्यांना फसवता यायचं.

तू माझ्या नातीला, चिमूटला, अजून पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. ती अडीच महिने आधी आली. तिचं मनगट माझ्या अंगठीतून आरपार गेलं असतं. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. फुप्फुसांत हवेचे जे बारीक फुगे असतात ते तिचे पुरते तयारच झाले नव्हते, आणि हवा नेणाऱ्या नळ्या पेनातल्या रिफिलहून बारीक. माझ्या लेकीला वाटायचं, हात लावला तर पोर मोडेल. तिथल्या नर्सने तिला दटावून शिकवलं. कुरवाळायचं नाही, थोपटायचं नाही, एक हात डोक्यावर आणि एक पायांवर, नुसता ठेवायचा. लेकीने हात ठेवले आणि त्या यंत्रावरचे वेडेवाकडे आकडे हळूहळू शहाण्यासारखे वागायला लागले. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या मुलांना औषधाइतकी हातांची गरज असते, ताई. हे वाक्य लक्षात ठेव, मी पुढे पुन्हा काढणार आहे.

तिथेच ती डॉक्टर भेटली, जिला आम्ही 'कापूसवाली' म्हणतो. वेळेआधी जन्मलेल्या मुलांवर ती संशोधन करते. ज्या विषाणूने आपण चार दिवस नाक शिंकरतो आणि विसरून जातो, त्याच विषाणूने या मुलांच्या नळ्या सुजतात, छातीतून शिट्ट्या येतात, आणि काहींना तर मोठेपणीही धाप लागत राहते. असं का? फुप्फुसं कच्ची म्हणून विषाणू वरचढ होतो, की विषाणू येऊन गेल्यामुळे फुप्फुसं कच्ची राहतात? आणि एका मुलाला होतं ते शेजारच्या पेटीतल्या मुलाला का होत नाही? ती घरी येते, चिमूटच्या नाकात बारीकसा कापसाचा बोळा फिरवते आणि निघालेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्या विषाणूशी कशा झुंजतात ते पाहते. चिमूट असं भोकाड पसरते की जावई खोलीतून पळतो. मी खूष होते. पोरीला रडण्यापुरता श्वास नव्हता ते दिवस मला आठवतात.

तू फोनवर म्हणाली होतीस, पोरीचा प्रयोगाचा उंदीर केलात. तेव्हा मी गप्प बसले, आता बसत नाही. चिमूट ज्या नळीवर, ज्या औषधावर जगली, ते कुठून आलं? आधीच्या कुणाच्या तरी पोराच्या आईने छातीवर दगड ठेवून 'हो' म्हटलं म्हणून आलं. उंदीर नाही, साक्षीदार म्हण. ज्या मुलांना बोलता आलं नाही त्यांच्या वतीने ती साक्ष देते आहे.

आणि तुझी सर्दी मी एवढी मनावर का घेतली तेही ऐक. तू यायच्या महिनाभर आधी चिमूटचं नाक वाहिलं. दुसऱ्या दिवशी नाकपुड्या फुलल्या, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, आणि पुन्हा तीच पेटी, तोच ऑक्सिजन. कापूसवालीने घरातल्या सगळ्यांच्या नाकात बोळा फिरवला. विषाणू सापडला जावयाच्या नाकात. त्या बिचाऱ्याला दोन शिंका आल्या होत्या, बस्स. तो अजून पोरीला उचलताना श्वास रोखून धरतो. तेव्हापासून दाराशी मी बसते. भाऊ म्हणतो, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, तरी मुलं वाढलीच ना? मी म्हटलं, वाढली ती तुझ्यासारखी बोलतात. नाही वाढली ती बोलायला येत नाहीत.

फोन ठेवल्यावर मी काय बोलून बसले ते मला कळलं. भावालाही कळलं असावं, तो पुन्हा फोनवर आला नाही.

परवा कापूसवाली बोळा घेऊन आली तेव्हा तिने सहज विचारलं, तुमच्याकडे याआधी कुणी असं लवकर जन्मलं होतं का? 'नाही' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, आपल्या घरात तो सगळ्यांच्याच तोंडात तयार असतो. पण चिमूट माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "हो. माझ्या बहिणीचा मुलगा." लेक माझ्याकडे बघतच राहिली. ती तिशी ओलांडलेली बाई, तिला हे पहिल्यांदा कळत होतं. मी सगळं सांगितलं. तो आठव्या महिन्यात आला, घरी आला, दूध ओढायला लागला, बाळसं धरायला लागला. मग गाव लोटलं बघायला, या हातातून त्या हातात, कुणी खोकत, कुणी नाक पुसत. मग त्याच्या नाकपुड्या फुलल्या. मग फासळ्या. मग संपलं. आणि तुझ्या सासूबाई भरल्या घरात म्हणाल्या, हिचे हात थंड आहेत, हिच्या हातात पोर टिकायचं नाही. कुणी एका शब्दाने त्यांना अडवलं नाही. माणूस गेलं तरी त्याच्याशी भांडता येतं असं माझं मत आहे, आणि त्या बाईशी मी अजून भांडते आहे.

कापूसवालीने ऐकून घेतलं. मी विचारलं, आता खरं काय ते सांगा. ती म्हणाली, तेव्हाचा नमुना नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. मग म्हणाली, "पण आईच्या हातांनी न्यूमोनिया होत नाही. तो बहुतेक कुणाच्या तरी श्वासातून आला." मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तुझ्यासाठी पाठ केलं.

ताई, आता हे पत्र कशासाठी ते सांगते. कुणी बाळ पुढे केलं की तू चटकन काहीतरी हातात घेतेस, ट्रे, छत्री, नाहीतर वर्तमानपत्र. माझ्या लेकीच्या वेळी तू आमच्याकडे मुक्काम केलास आणि तेवढे दिवस पाण्याचा तांब्या धरून हिंडलीस. मी कधी काही म्हटलं नाही. आणि त्या दिवशी तू पिशवी फरशीवर ठेवून, दोन्ही हात मोकळे करून माझ्या दारात उभी होतीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू कुणाचं तरी पोर घ्यायला आली होतीस, आणि तुझ्या पाठच्या बहिणीने आतून 'नाही' म्हटलं. जिना उतरताना तुला कुणाचा आवाज ऐकू आला असेल ते मला आता कळतं. म्हणून नीट वाच. मी परत पाठवलं ते तुझं नाक. तुझे हात नाही. नाकाबद्दल मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, आणि हातांबद्दल कुणी ब्र काढला तर गाठ माझ्याशी आहे. सर्दी पुरती जाऊ दे, वर आणखी एक आठवडा जाऊ दे, मग ये. दारात मी घसा तपासीन, कोपरापर्यंत हात धुवायला लावीन, आणि चिमूट तुझ्यापुढे धरीन. एक हात डोक्यावर, एक पायांवर. दोन्ही लागतात. म्हणून येताना हातात काही आणू नकोस.

तुझीच,
दार अडवून बसलेली धाकटी