हेरलसाहेबांचा चहा

इंदूर, फाल्गुन

प्रिय मंजिरी,

ओळख सांगू का? मी गयाबाई, तुझ्या बापाची आई. इंदूरला परदेशीपुऱ्यात राहते, खालचे दात गेलेत, कान शाबूत आहेत. आठवली का? नसेल आठवली तरी माझा राग नाही, तुझ्या विसरण्याचा मला जुना अनुभव आहे. लहानपणी पाटी डोक्यावर धरून शाळेत जायचीस आणि येताना पाटी तिथेच विसरून नुसते हात डोक्यावर धरून यायचीस. मग एक आजी विसरणं म्हणजे मामुली गोष्ट. दिवाळीपासून सागरहून, तुझ्या सासरहून, तुझं अक्षर नाही. मला अक्षर वाचता येत नाही हे खरं, पण आलेलं अक्षर आणि न आलेलं अक्षर यातला फरक मलाही कळतो. ही चिठ्ठी शेजारची मंगला लिहिते आहे. शाळेत मास्तरीण आहे, हात वळणदार आहे म्हणतात. मी बोलते तसंच लिही, तुझं व्याकरण शाळेत वापर, असं तिला बजावलंय. तरी ती मधूनच थांबते आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघते. पुढे आणखी थांबेल.

तुझ्या दिराची चिठ्ठी तुझ्या बापाला, बाबूरावाला आली. तुझ्या वाल्मिकच्या नावाने येत्या पौर्णिमेला जलदान विधी, गेलेल्या माणसासाठी करतात तो, करायचा म्हणतात. मी बाबूरावाला म्हटलं, चिन्यांबरोबरच्या नेफाच्या लढाईतून तार आली त्यात तुझा जावई लापता आहे म्हणून लिहिलं होतं, मेला असं कुठे होतं? तो म्हणाला, आई, एवढ्या बर्फात लापता म्हणजे काय ते समजून घ्यायचं असतं. समजून घेणारे सगळे तुझ्या घरी जमले आहेत असं दिसतं. आणि तू म्हणे ना हो म्हणतेस, ना नाही, रडतही नाहीस. दिवसभर भिंतीकडे बघत बसतेस. तर पोरी, भिंत कुठे जात नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघ. तुला टिबलमेमची गोष्ट सांगते. अर्धी तू ऐकलेली आहेस, ती ऐकून अंथरुणावर लोळून हसायचीस. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितली नाही.

मागच्या मोठ्या लढाईत तुझे आजोबा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होते आणि मी महूला छावणीत आयाचं काम करत होते. गोऱ्या शिपायांना हसवायला विलायतेहून नाटकमंडळी आली, त्यात ही मिस टिबल, आमच्या तोंडी टिबलमेम. मंडळी पुढे गेली, बाईला ताप आला म्हणून ती महूलाच राहिली, आणि मग लढाई संपेपर्यंत राहिलीच. तिचे कपडे, तिची टोपी, तिचं सामान सगळं माझ्याकडे. बाई म्हणजे केवढी! दरवाजातून आडवी यायची, आणि टोपीवर एक पीस, ते तिच्याआधी आत यायचं. स्टेजवर एक टेबल, दोन खुर्च्या, किटली, दोन कप. दुसरं काही नाही. बाई भांडत भांडत आत यायची आणि मागून येणाऱ्या नवऱ्यासाठी दार धरून उभी राहायची. मागे कुणी नाही! पण ती त्याच्या हळू चालण्याला अशी वैतागायची, की पुढच्या रांगेतला कर्नलसुद्धा मान वाकडी करून दाराकडे बघायचा. हेरल, हेरल करत त्याला खुर्चीत बसवायची. बोटाला थुंकी लावून त्याचे केस चापून बसवायची, मग मध्येच हात थांबायचा. टक्कल सापडलेलं असायचं. त्या टकलाकडे ती ज्या दुःखाने बघायची ना, शिपाई बाकांवरून खाली पडायचे. मग हेरल पहिल्या रांगेतल्या कुणा मडमेकडे बघतोय असा तिला संशय. ती त्याची मान धरून सरळ करायची, ती परत वळायची, ही परत सरळ करायची. एकदा तर त्या मडमेने खरंच लाजून पदर सावरल्यासारखा स्कर्ट सावरला. मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण विंगेत उभी राहून मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. इंदूरला लालबागेच्या राजवाड्यात दरबारच्या पाहुण्यांपुढे खेळ झाला तेव्हा तर जरीच्या पगड्या हलताना पाहिल्यात मी. आणि सराफ्यातून मी तिला गरम जिलबी नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी स्टेजवर हेरलच्या मिशीला पाक चिकटलेला! मिशी नाही, पाक नाही, आणि तरी बाईची बोटं एकमेकांना अशी चिकटून बसली की सुटता सुटेनात.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. आता पुढचं.

खेळाच्या शेवटी बाई थकून बसायला जायची आणि हेरल खालून खुर्ची ओढायचा. धप्प! एवढी मोठी बाई, स्टेजच्या फळ्या हलायच्या. लोक टाळ्या पिटायचे. मी एकदा विचार केला, खुर्ची सरकते कशी? दोरा असेल. मी सामान आवरताना दोरा शोधला. नव्हता. मग वाटलं, पायाने सरकवत असेल. पण दुसऱ्या खेळाला मी विंगेतून फक्त तिचे पाय बघितले. दोन्ही पाय समोर होते. खुर्ची मागे गेली. लोक हसत होते, मी मात्र त्या दिवशी हसले नाही. आणि कप. खेळात चहा खरा असायचा, मीच करायची. बाई आपला कप तोंडाशी न्यायची आणि दर वेळी हेरलला काहीतरी सुनवायचं आठवून परत खाली ठेवायची. तिचा कप मी भरलेलाच धुवायला न्यायची. भरून ठेवलेला हेरलचा मात्र कोरडा असायचा. आत चहाची तांबूस रेघ, आणि काठाला मेणाचा वास, गोरे साहेब मिशीला लावतात तसल्या मेणाचा. मंगला इथे थांबली. लिही, म्हटलं. कप मी धुतलेत, तू नाही.

एकदा मी बाईला विचारलंच. तिची हिंदुस्तानी म्हणजे आमच्या छावणीतल्या गाढवालाही दया येईल अशी. पण तिने सांगितलं हातांनी. एक हात जहाज झाला, दुसरा पाणी. जहाज निघालं तेव्हा तिने त्यावरून टोपी हलवून दाखवली, वाऱ्याने टोपी उडाल्याचं दाखवलं, टोपी पकडायला जाणारा तो घाबरट हेरल दाखवला, आणि मी हसत सुटले. मी हसत असतानाच तिचा जहाजाचा हात हळूहळू पाण्याच्या हाताखाली गेला आणि वर आलाच नाही. तेव्हा मला कळलं की हेरल खेळातला नाही. तो तिचा नवरा होता, त्याआधीच्या मोठ्या लढाईत बुडालेला. मी तोंडावर पदर धरला, तर तिने तो ओढून काढला. हस, म्हणाली. तो हसण्याच्या आवाजानेच येतो, रडण्याने दचकून पळतो. असं ती म्हणाली, किंवा मला तसं समजलं.

मग एका कप्तानसाहेबाची मडम आली. कोवळी पोर होती, तुझ्याएवढी. तिचा नवरा ब्रह्मदेशाच्या जंगलात लापता. तीही तुझ्यासारखीच, ना रडायची ना बोलायची. तिने बाईचा हात धरला आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं, माझ्याही नवऱ्याला बसव म्हणून. बाई नको नको म्हणत होती. शेवटी एका दुपारी बंगल्याच्या व्हरांड्यात मांडली खुर्ची. मी चहा केला. बाईने त्या कप्तानासाठी सगळा खेळ केला. दार धरलं, केस बसवले, मान सरळ केली. आणि मंजे, काहीच होईना. तीच बाई, तेच हात, पण समोर नुसती खुर्ची. मला हसू आलं नाही, मडमेला नाही. एवढी कसलेली बाई घामाघूम झाली. कपातल्या चहावर साय धरली. शेवटी बाईने कपात बोट घालून बघितलं, गार. आणि तिचा चेहरा असा उजळला! तिने त्या पोरीला छातीशी धरलं आणि खदखदून हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "गयाबाई, चाय पूरा है! साब नई आया. बहुत अच्छा. साब आएगा." तो कप्तान पुढच्या वर्षी जपान्यांच्या कैदेतून आला. हाडांचा सापळा, पण आपल्या पायांनी आला. बागेच्या फाटकातून येताना मी त्याला बघितलंय.

विलायतेला जाताना बाई ती खुर्ची मला देऊन गेली. तुला माहीत आहे ती, उंच पाठीची, तुला लहानपणी जिच्यावर मी कधी बसू दिलं नाही. बाई तिकडे वारल्याचं छावणीतल्या कुणाकडून कळलं. मी ऐकलं आणि आधी हसूच आलं, कारण आता हेरलची खैर नाही असं वाटलं. मग रडले.

तुझे आजोबा गेले तेव्हा महिनाभर मी तुझ्यासारखीच भिंत बघितली. मग एके दिवशी चारच्या चहाला ती खुर्ची ओढली आणि भांडण काढलं. म्हटलं, अहो, सुभेदार, आयुष्यभर शिस्त शिकवलीत आणि जाताना चष्मा कुठे ठेवला ते सांगून गेला नाहीत. बोलता बोलता मला हसू फुटलं. आवरायला उठले तर कप कोरडा. तेव्हापासून रोज. बाबूराव चिडतो. आई, आपण बुद्धाचे झालो, आता हे भुताखेतांचं काय काढलंस, म्हणतो. मी म्हणते, मी कुठे काय मानते, मी फक्त कप धुते. तो म्हणतो मांजर पिते. मांजर बशी चाटतं, बाबा, कपाचा कान धरून पीत नाही. आणि मांजराने तोंड लावलं तर कपाला ह्यांच्या तंबाखूचा वास कसा येईल? तुझी आई दुर्गा मात्र चार वाजले की दुसरा कप आपण होऊन मांडते.

आता तुला चिठ्ठी का लिहिली ते सांगते. तुझ्या दिराची चिठ्ठी आली त्या दिवशी मी आजोबांना म्हटलं, आज जरा बाहेर फिरून या, आज नातजावयाला बोलवायचं आहे. खुर्ची पुसली. मंगलाही होती, तिनेच हे डोळ्यांनी पाहिलंय, विचार तिला. मी वाल्मिकसाठी सगळा खेळ केला. लग्नात पंक्तीत त्याने पुरणपोळ्या मांडीखाली लपवल्या होत्या ते काढलं, माझ्या पाया पडताना त्याची टोपी माझ्या पानाच्या डब्यात पडली ते काढलं. काही नाही. खुर्ची नुसती खुर्ची. चहा गार झाला, वर साय आली, साईला सुरकुती पडली. मी उठून नाचणार होते, मंजे. तेवढ्यात दुर्गा म्हणाली, सासूबाई, वाल्मिकराव चहा घेतच नाहीत हो. मी मटकन खाली बसले. न पिणाऱ्या माणसाने कप भरलेला ठेवला यात काय कळणार? म्हणून सांगते, पौर्णिमेला विधीला तू बसू नकोस. दिराला सांग, आजी आजारी आहे, मरायला टेकली आहे, काय वाटेल ते सांग, मला चालेल. आणि मला त्याच्या आवडीचं पाठव, ज्याला तो कधी नाही म्हणाला नाही. त्याच्यासाठी वाढलेलं पान भरलेलं राहिलं तर मी बाबूरावाकडून तार करवीन, चाय पूरा है, एवढंच. पान रिकामं झालं तर तेही लपवणार नाही, खुर्ची गाडीत घालून तुझ्याकडे पाठवीन आणि भांडायला शिकवायला स्वतः येईन. तर लाडू पाठव, बेसनाचे, तुझ्या हातचे, जे तो कौतुकाने खायचा आणि बाकी आम्ही सगळे पाण्याबरोबर ढकलायचो. तूप घरचं घाल. आणि ध्यान ठेव, बेसन नेहमीसारखंच करपव. चांगलं भाजशील तर तो ओळखणार नाही आणि माझी सगळी मेहनत वाया जाईल. माझ्यासाठी एक वेगळा बांध, मऊ आणि न करपलेला.

चार वाजता तुझी वाट बघणारी,
तुझीच आजी
गयाबाई (अंगठा)