गिदोनाची लोकर आणि आमचा मनोरा

तापाजोसचे अरण्य

प्रिय भगिनी एउलालिया,

मागितलेला आशीर्वाद आधी घे. प्रकृती उत्तम आहे. मनोऱ्यावर चढताना गुडघे कुरकुरतात, एवढेच.

अरण्य किती कार्बन शोषते, हे आमचा मनोरा मोजतो. विमानातून पडताळले, तर आकडा निम्माच निघाला. निवांत रात्री अरण्याचा उच्छ्वास, म्हणजे त्याने परत सोडलेला कार्बन, उताराने ओहोळाकडे उतरतो. मनोऱ्याला तो कळतच नाही.

आमच्या केंद्राचे प्रमुख म्हणाले, "पाद्रीबुवा, विमान विसरा! मनोऱ्याच्या आकड्यावर सही करा, नाहीतर गाशा गुंडाळा."

मी म्हणालो, "बायबलातल्या गिदोनाने प्रत्यक्ष देवाचा शब्द रात्री लोकर पसरून, तिच्यावर दव पडते का ते पाहून, दोनदा पारखला, देव रागावला नाही. मग आपला मनोरा कोण लागून गेलाय?"

सही केलेली नाही. माझा झुला कुणाला दिला नाहीस ना? ओसरीत बांधून ठेव.

तुझा हट्टी अग्रज,
आन्सेल्मो