कपाळाचा ओठ

१२ नोव्हेंबर १९५६, डोंबिवली
शेवटच्या तासाला सगळा वर्ग एका चालीत कविता म्हणायचा. तो आवाज पहाटेपासून कानात आहे. कल्याणच्या शाळेची कौलं हलायची! मी पट्टीने टेबलावर ताल धरायचो, मध्येच तपकिरीची चिमूट. त्या तपकिरीनेच वरचा ओठ खाल्ला म्हणे. कॅन्सर. डॉक्टर म्हणतो. म्हणू दे! ओठ कापला त्याने, तपकिरीने नव्हे.

१३ नोव्हेंबर
सुधीर विचारतो, "अप्पा, बरं वाटतंय ना?" — खिडकीकडे बघून! पोटचा मुलगा, पण बापाच्या तोंडाकडे बघवत नाही त्याला.

काय केलंय ते लिहून ठेवतो. कपाळाची कातडी पट्टीसारखी सोडवली, खाली वळवली आणि नाकाच्या कडेने आणून ओठाच्या जागी शिवली. वरचं टोक भुवईपाशी अजून जोडलेलंच आहे. डॉक्टर त्याला देठ म्हणतो. देठातून रक्त येतं म्हणून कातडी जगते. ती खाली रुजली की देठ कापायचा. येत्या सोमवारी बोलावलंय.

"मास्तर, कपाळ मोठं तुमचं, कापड भरपूर निघालं!" असं म्हणून हसला वर. मेला शिंपी!

१५ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरचे भाऊ 'समाचाराला' आले. दारातूनच — "काय मास्तर, गणपती झालात की!" आणि स्वतःच खो खो हसले. एक सणसणीत शिवी हासडायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आणि लाळ. शिवीलासुद्धा ओठ लागतात. चहा पिऊन गेला, निर्लज्ज!

१६ नोव्हेंबर
आज घरात हसू झालं माझं.

आरसा सुनेने, हेमाने, कुठेतरी दडवलाय. अंघोळ झाली, गंध उगाळलं. डोळे मिटून, मनात श्लोक म्हणत गंध लावायची माझी सवय जन्माची. कपाळावर बँडेज लागलं, बोट खाली घसरलं, कातडीला टेकलं — तिथे कपाळच आहे असं स्वच्छ जाणवलं. लावलं.

नीला किंचाळली, "आई गं, आजोबांनी तोंडाला गंध लावलं!" हेमा पदर तोंडावर धरून स्वयंपाकघरात पळाली. ती कातडी ओठावर बसलीये, पण स्वतःला अजून कपाळच समजते. माशी बसते ओठावर, खाज सुटते कपाळाला! मी सहाण भिरकावली. फुटली नाही. तेवढंही नशिबात नाही.

१७ नोव्हेंबर
इस्पितळातून निघताना डॉक्टरला विचारलं होतं, देठ कापल्यावर कातडी काळी पडली तर? "क्वचित पडते." क्वचित! त्याचं काय जातंय? कपाळ गेलंच आहे; ओठही मेला तर राहिलं काय?

नाही जाणार. लोंबू दे सोंड.

हेमा — "अहो अप्पा, मग काय जन्मभर दार लावून बसणार?"
बसेन.

१८ नोव्हेंबर
उशीत तोंड खुपसून एक जुनी कविता म्हणून पाहिली. कडवंभरसुद्धा धड नाही.

१९ नोव्हेंबर
सुधीरने रजा काढली होती. मी पलंगावरून हललो नाही. "तुमच्यापुढे हात टेकले!" म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. छान!

२१ नोव्हेंबर
हेमा-नीला बाजारात. दार वाजलं. भाऊच असणार म्हणून तावातावाने उघडलं.

अनोळखी बाई. नऊवारी, पदर नाकापर्यंत. "कल्यानचे मास्तर तुमीच ना? मी गंगुबाय, कोलशेतची. सोमवारी इस्पितलात तुमची वाट बगली. आले नाय, म्हनून पत्ता काढला." तिचीही अक्षरं सांडत होती. पदर खाली केला — खालचा ओठ अर्धा नव्हताच.

"डागतर माजं पन असंच करनार. मी नाय बोलली. तो बोलला, आदी मास्तरांचं बगून ये, मंग सांग."

आणि बघत राहिली. सरळ, न बिचकता, माझ्या तोंडाकडे. मग देठाकडे बोट केलं.

"ह्यो कंदी कापनार?"

"उद्या," म्हणालो. शब्द स्वच्छ निघाला.