पुढे मी, मागे मुक्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
काल भोरहून येताना कात्रजच्या उतारावर ब्रेकचं पॅडल पार खाली गेलं. जळका वास. शेजारी नवरा, विजय. घरी पोचल्यावर त्याचं एवढंच: "अगं, गाडी थांबवत होतीस की विनंती करत होतीस?"
आज कांबळ्यांच्या गॅरेजला. पॅड झिजलेत, ब्रेक ऑइल काळं. ते बदलून भागेल. पण जाता जाता म्हणाले, "ताई, हौसच असेल तर पुढच्या चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसतील."
झालं. डोक्यात दुसरं काही नाही.

५ नोव्हेंबर, बुध.
लेख वेळेत दिला आणि थेट वाघोलीला, समीरकडे. ऑफिसातला जुना सहकारी. त्याची गाडी माझ्याच मॉडेलची, डिस्क मोठ्या. मोकळ्या रस्त्यावर चालवायला दिली. पाय नुसता ठेवला आणि गाडी जागच्या जागी! पट्टा छातीत रुतला, मागच्या सीटवरचा त्याचा डबा खाली. मी हसतेय, समीर पोळ्या गोळा करतोय.
रोज ऑफिसला बिबवेवाडी ते कर्वेनगर, आणि असे ब्रेक! बसवायचेच.

६ नोव्हेंबर, गुरु.
घरात जाहीर केलं. विजय पेपरमागून: "थांबायला एवढा खर्च? न चालवली तर फुकट थांबते."
मुक्ता माझ्या बाजूने. लेकीला स्कूटरचं लायसन्स नुकतंच मिळालंय. कॉलेज माझ्या वाटेवर, म्हणून विजयची अट: काही दिवस आईच्या मागे मागे जायचं. तिलाही बरं वाटतं. "तुझ्या मागे असले की कोणी आडवं येत नाही." मला आरशात तिचं केशरी हेल्मेट दिसत राहतं.
कांबळे: आधी नवे पॅड, नवं ऑइल. थोडे दिवस चालवा, मग डिस्कचं ठरवा. मान्य.

८ नोव्हेंबर, शनि.
पॅड बसले. समीरच्या गाडीची मजा नाही, पण पॅडल कसं घट्ट! प्रत्येक सिग्नलला थांबून पाहिलं. पिवळ्यालासुद्धा. मागचे स्कूटरवाले आजोबा खिडकीशी आले: "बाई, पिवळ्याला थांबायची पद्धत कधीपासून?"

११ नोव्हेंबर, मंगळ.
राजाराम पुलाच्या अलीकडे उलट्या बाजूने एक मोटरसायकल थेट समोर. ब्रेक दाबला. गाडी थांबली! सरळ रेषेत. तो हात वर करून निघूनही गेला. मी एकटीच "वा!" म्हटलं.
मग मागून टायरचा आवाज. आरशात केशरी हेल्मेट नाही.
उतरले. मुक्ता गाडीच्या डाव्या कोपऱ्याला, स्कूटर तिरकी, चाक बंपरपासून वीतभर. लागलं नाही. मागे हॉर्न सुरू. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "आई, तू थांबतेस ते भारीच आहे. पण सांगून थांब ना."
आणि हे नुसते पॅड. मोठ्या डिस्क असत्या तर...

१२ नोव्हेंबर, बुध.
विजयने टोमणा मारला नाही. त्याचंच जास्त लागलं.
संध्याकाळी चहाला म्हटलं, नको त्या डिस्क. मुक्ताच उसळली. "मी चिकटून चालवत होते. त्यात तुझ्या ब्रेकचा काय दोष?"
विजय: "मग करायचं काय?"
"मी पुढे जाते. आई मागे."
इतकी सोपी गोष्ट, पण आम्हा दोघांना सुचली नव्हती खरी.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
आज ती पुढे. आरशात नुसतं हेल्मेट दिसायचं, काचेतून अख्खी मुलगी दिसते. वळताना मान वळवून बघते, खड्डा आधीच हेरते. छान चालवते की! मला पत्ताच नव्हता. मध्येच कुत्रं आलं, ती कचकन थांबली, मीही थांबले. आमच्यामध्ये एक रिक्षा मावली असती. मावलीच, लगेच घुसली.
म्हणजे मला आता आणखी चांगले ब्रेक हवेत? ती थांबली की मला थांबता आलं पाहिजे.
कॉलेजच्या फाटकाशी अंगठा दाखवून आत गेली.

१५ नोव्हेंबर, शनि.
सकाळी मुक्ता: "सोमवारपासून एकटी जाईन हं." विजय पेपरमागे. मी म्हटलं, जा. म्हटलं खरं.
तेवढ्यात कांबळ्यांचा फोन. "ताई, डिस्क मागवू ना?"
"थांबा जरा. कांबळे, स्कूटरला बसतात का हो मोठे ब्रेक?"
आतून आवाज: "आई! आधी तुझं ठरव."